हिशेबातली घट

आमचे बाबा बऱ्हाणपुरातल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या आल्या की तुलावटी तोलत आणि बाबा वहीत लिहीत. प्रत्येक मालापुढे तीन रकाने असत : रुई, सरकी आणि घट. शंभर किलो कापूस आत गेला की चौतीस किलोच्या आसपास रुई निघे, चौसष्टच्या आसपास सरकी, आणि उरलेला एखाद-दुसरा किलो घटीच्या रकान्यात जाई. धूळ, ओल, पाचोळा, हवेत उडालेले तंतू. लहानपणी मला वाटे, घट म्हणजे कुणीतरी केलेली चोरी. बाबा म्हणत, "उलट आहे. घट दिसली नाही तर चोरी समजावी."

अख्ख्याचे वजन म्हणजे त्याच्या भागांच्या वजनांची बेरीज, हा जगण्यातला पहिला हिशेब मी असा काट्यावर शिकलो. आपल्या गावात तो सगळेच शिकतात. केळीचा घड तोलला की दांड्याचे वजन वजा करतात ते याच विश्वासावर. पुढे मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, तेही हिंदीतून. घरी मराठी, वर्गात हिंदी, त्यामुळे काही गमती होत. मराठीतले वस्तुमान हिंदीत द्रव्यमान होते, एवढे ठीक. पण मराठीतला प्रभार हिंदीत 'आवेश' होतो. इलेक्ट्रॉनवर ऋण आवेश असतो, असे मी एकदा घरी मोठ्याने वाचत होतो, तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवेश आणि तोही उसना?" या आत्याबद्दल पुढे लिहायचेच आहे. (वस्तुमानाला मी या लेखात सरसकट वजन म्हणणार आहे. शास्त्र शिकलेल्या वाचकांनी क्षमा करावी.)

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि एका जागी मी अडकलो. तिथे काट्यावरचा तो पहिला हिशेब चालेना.

प्रत्येक वस्तूचे जवळजवळ सगळे वजन अणूंच्या केंद्रकांत असते, आणि केंद्रक म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क : दोन 'अप', एक 'डाउन'. इथपर्यंत शाळेतली पोरेही सांगतात. आता तोलू या. या सूक्ष्म जगातले माप 'एमईव्ही' आहे. त्या मापाने प्रोटॉन भरतो ९३८. अप क्वार्क सुमारे २.२, डाउन सुमारे ४.७. म्हणजे दोन अप आणि एक डाउन मिळून नऊच्या किंचित वर. नऊशे अडतीसपैकी नऊ! शंभर किलोच्या बोऱ्यात रुई आणि सरकी मिळून एक किलो निघावी, आणि नव्व्याण्णव किलो कशाचे ते कळू नये, असे हे झाले. बाबांच्या वहीत अशी नोंद आली असती तर मालकाने त्याच दिवशी दुसरा माणूस ठेवला असता.

२०१२ च्या जुलैत हिग्ज कण सापडल्याचे जाहीर झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले की, सृष्टीला वस्तुमान देणारा कण मिळाला. ते अर्धवट खरे होते. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांच्यासारख्यांनी हिग्जवर आयुष्यभर काम केले, त्या शोधाचे मोल मोठेच आहे. पण हिग्जमुळे क्वार्कना मिळते ते वजन म्हणजे हे नऊच. बाकीचे येते क्वार्कांच्या धावपळीतून, आणि त्यांना एकमेकांत जखडणाऱ्या ग्लुऑन नावाच्या क्षेत्राच्या ऊर्जेतून. ऊर्जेला वजन असते हे आइन्स्टाइनने १९०५ मध्येच सांगितले होते. तुमचे-माझे बहुतेक वजन हे कुठल्या पदार्थाचे वजन नसून एका बांधलेल्या धडपडीचे वजन आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. न्याय-वैशेषिकांचे म्हणणे असे की अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, ही तिच्या अवयवांहून वेगळी, स्वतंत्र वस्तू आहे. कापड म्हणजे नुसते सूत नव्हे. बौद्ध तार्किकांनी यावर काट्यावरचाच आक्षेप घेतला : कापड जर सुताहून निराळे आहे, तर तराजूत सुताचे वजन अधिक कापडाचे वजन असे भरायला हवे, पारडे जास्त झुकायला हवे. ते झुकत नाही. उद्योतकराने आपल्या न्यायवार्तिकात हा आक्षेप घेऊन त्याला उत्तर देण्याचा खटाटोप केला आहे. सुताच्या बाबतीत बौद्धांचा आक्षेप बिनतोड होता. पण प्रोटॉनच्या बाबतीत पारडे झुकते, आणि तेही शंभरपट. या विणकरांच्या गावात बसून हे वाचताना मला गंमत वाटली.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवे, कारण त्या मोहात मी स्वतः पडलो होतो. "बघा, माणसे महत्त्वाची नाहीत, त्यांच्यातले बंध महत्त्वाचे, एकत्र कुटुंबाचे वजन वाढते," असे प्रवचन इथे तयारच असते. एका स्नेहसंमेलनात मी ते ठोकूनही दिले होते. पण प्रोटॉनच्या एक पायरी वर या. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र येऊन हेलियमचे केंद्रक होते, तेव्हा वजन वाढत नाही, कमी होते. पाऊण टक्क्याच्या आसपास. ती खरीखुरी घट आहे आणि सूर्य तिच्यावरच जळतो. म्हणजे बंधनाने एका पायरीवर वजन वाढते, दुसऱ्या पायरीवर उतरते. निसर्गाला प्रवचन द्यायचे नसते.

मग मी अडकलो कशात? 'वाटा' या शब्दात.

१९८८ मध्ये आमच्या घराची वाटणी झाली. बाबा आणि काका, दोघे भाऊ. भांडण नव्हते, पोरे मोठी झाली, जागा पुरेना, एवढेच. मी शिकलेला म्हणून कागद-पेन माझ्या हाती आले. कोणी काय आणले ते मांडायचे ठरले. बाबांचा पगार, काकांच्या चार पॉवरलूमची कमाई, आजोबांचे मूळ घर, माडी बांधली तेव्हा कोणी किती घातले, सगळे मी दोन रकान्यांत उतरवले. बेरीज पैशापर्यंत जुळली. मला स्वतःचा अभिमान वाटला. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारले, "घट कुठे लिहिली?"

मला वाटले, ते सवयीने बोलले. आत्या त्या वेळी पंचांना चहा देत होती. १९५१ मध्ये विधवा होऊन एक ट्रंक घेऊन ती माहेरी परत आली, आणि तिने घरात काय आणले म्हणाल तर ती ट्रंक. हक्कसोडपत्रावर तिने पूर्वीच सही केली होती. माझ्या कागदावर तिचे नाव यायचे काही कारणच नव्हते. कायद्याने मी चुकलो नाही. ती पुढे आमच्या वाट्यात राहिली आणि १९९७ मध्ये गेली. तोपर्यंत मला काही टोचले नव्हते. टोचले ते पुष्कळ उशिरा, क्वार्कच्या वजनाबद्दल वाचताना. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे शास्त्रात शिरावे लागेल.

क्वार्कांचा प्रोटॉनच्या वजनात वाटा किती, या प्रश्नाचे दोन अर्थ होतात. पहिला बाबांच्या वहीतला : भाग सुटे करा आणि तोला. याचे उत्तर नऊ. पण क्वार्क कधी सुटा सापडत नाही, आणि सुटेपणी जे वजन त्याच्या नावावर मांडतात ते त्याच्या घरातल्या कामाबद्दल फारसे बोलत नाही. दुसरा अर्थ असा : अप आणि डाउन क्वार्कांचे ते इवलेसे वजन थोडे कमी करत नेले, तर सबंध प्रोटॉनचे वजन कितीने बदलेल? पहिल्यात माणसाने काय आणले ते विचारतात, दुसऱ्यात तो उणा असता तर घराचे काय झाले असते ते. भौतिकीत या दुसऱ्या आकड्याला सिग्मा-पद म्हणतात.

आता क्वार्कचे वजन कमी करण्याचे बटण कोणाच्या हातात नाही. मग मोजायचे कसे? बऱ्हाणपूरच्या माणसाला ही अडचण समजायला हरकत नाही. आपला कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याचे पाणी जमिनीखालून गावात आणले. वाहणारे पाणी वरून दिसत नाही. मधून मधून कुंड्या आहेत. तिथे वाकायचे आणि पाणी किती आहे ते पाहायचे. प्रोटॉनच्या आत वाकून पाहायची अशी कुंडी म्हणजे उपरे अणू. इंग्रजीत त्यांना एक्झॉटिक अ‍ॅटम म्हणतात. मला उपरा हा शब्द जास्त बरोबर वाटतो.

साध्या हायड्रोजनमध्ये प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन असतो. तो काढून त्याच्या जागी ऋण पायॉन बसवतात. पायॉन हा मेसॉनांच्या कुळातला. मेसॉन हे नाव रूढ करण्यात १९३९ मध्ये होमी भाभांचा हात होता. बिभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी हिमालयात छायापट्ट्या ठेवून असे कण टिपण्याचा प्रयत्न केला होता. आणि १९४७ मध्ये पॉवेलच्या गटाला पायॉन निश्चितपणे सापडला. हा पाहुणा इलेक्ट्रॉनच्या २७३ पट जड आणि अल्पायुषी. एकटा असेल तर सरासरी सव्वीस अब्जांश सेकंद जगतो. पण तेवढ्यात तो प्रोटॉनच्या आकर्षणात सापडतो, वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत पायऱ्या उतरत येतो आणि प्रत्येक पायरीला क्ष-किरण सोडतो. शेवटी तो इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २४० पट जवळ येऊन पोचतो.

एवढ्या जवळ आला की प्रोटॉन त्याला नुसत्या विजेने नव्हे, तर आतल्या बलवान बलानेही स्पर्श करतो. स्वित्झर्लंडमध्ये फिलिगन येथे पॉल शेरर संस्था आहे. तिथे वक्र स्फटिकांवरून हे क्ष-किरण परावर्तित करून त्यांची ऊर्जा मोजली. नुसत्या विजेच्या हिशेबाने एक विशिष्ट उडी २,८७९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची यायला हवी होती. आली २,८८६ ची. फरक फक्त सातचा, चारशेत एक. काट्यावरचा माणूस म्हणेल, इतका फरक काट्याचाच असतो. पण हाच फरक त्यांनी सातपुढच्या दोन दशांश स्थळांपर्यंत पक्का केला. पायॉनिक ड्यूटेरियमवर, म्हणजे न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनवर, असेच मोजमाप झाले. पायॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉनशी अगदी शून्य वेगाने भेटला तर काय होते, हे त्यातून कळले.

पायॉनच का? कारण पायॉनचे स्वतःचे वजनच अप आणि डाउनच्या वजनावर उभे आहे. ती शून्य झाली तर पायॉनही वजनहीन होईल. क्वार्कच्या वजनाबाबत त्याच्याइतका हळवा कण दुसरा नाही. घरात कुणाचे काय बिनसले ते पाहुण्याला आधी कळते, तसा.

तरीही एक उडी राहते. १९७१ मध्ये चेंग आणि डॅशेन यांनी दाखवले की सिग्मा-पद वाचायचे तर पायॉन-प्रोटॉन भेटीचे गणित अशा एका बिंदूवर न्यावे लागते, की जिथे प्रत्यक्षात कुठलाच प्रयोग उभा राहू शकत नाही. मोजलेल्या जागेपासून न मोजता येणाऱ्या जागेपर्यंत पूल हवा. त्याच वर्षी शशांक मोहन रॉय यांनी पायॉनांसाठी काही समीकरणे मांडली. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ होते. ती समीकरणे आज रॉय समीकरणे म्हणून ओळखली जातात, आणि त्यांच्याच वाढवलेल्या रूपाने, रॉय-स्टाइनर समीकरणांनी, हा पूल बांधला गेला. फिलिगनचे आकडे घेऊन होफेरिश्टर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उत्तर काढले : ५९, चूक-भूल साडेतीन.

सुटे तोलले तर नऊ. नसते तर काय, असे विचारले तर एकोणसाठ.

हा आकडा वाचला त्या रात्री मला आत्याचा कागद आठवला. माझ्या हिशेबात ती नऊही नव्हती.

भौतिकशास्त्रज्ञांचे एकमत आहे असे मात्र समजू नका. अवकाश आणि काळाची जाळी कल्पून महासंगणकावर प्रोटॉन घडवण्याची एक पद्धत आहे. २००८ मध्ये युरोपातल्या एका गटाने त्या पद्धतीने प्रोटॉनचे वजन काही टक्क्यांच्या आत बरोबर काढून दाखवले. त्याच पद्धतीने सिग्मा-पद काढले तर बहुतेक उत्तरे चाळीसच्या आसपास आली. साठ आणि चाळीस! २०२१ मध्ये राजन गुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवले की संगणकावरच्या हिशेबात प्रोटॉनबरोबर डोकावणारे पायॉनचे सावट नीट वजा केले, तर तिथेही साठच्या जवळ येता येते. वाद संपलेला नाही. मला हे वाचून बरेच वाटते. ज्यांच्याकडे एवढी साधने आहेत त्यांचाही वाट्याचा आकडा पैशापर्यंत जुळत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रोटॉनच्या कुळात नाव नसलेला 'स्ट्रेंज' क्वार्कही आत येऊन-जाऊन असतो. जोडीने उमटतो, जोडीने मावळतो. अनेक हिशेबांत त्याचाही वाटा चाळीस-पन्नासच्या घरात येतो. त्याचे जग तपासायला पायॉनच्या जागी केऑन बसवतात. रोमजवळच्या फ्रास्काती येथे ज्या प्रयोगाने २०११ मध्ये केऑनिक हायड्रोजनचे सर्वांत नेमके मोजमाप दिले, त्याचे नाव आद्याक्षरे जुळवून 'सिद्धार्थ' असे ठेवले आहे. घर सोडून गेलेल्याच्या नावाने घरातला हिशेब चालावा, हा योगायोग.

आता माझी खरी शंका. आत्या नसती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारून मी तिला न्याय देतो का? या प्रश्नात दोन खड्डे आहेत. बी नसते तर पीक शून्य, पाऊस नसता तरी पीक शून्य. मग बियाचा वाटा शंभर टक्के आणि पावसाचाही शंभर? अशा वाट्यांची बेरीज कधीच जमणार नाही. भौतिकी यातून सुटते ते क्वार्क उचलून न फेकता, त्याचे वजन किंचित कमी करून पाहिल्यामुळे. शिवाय प्रोटॉनची वाटणी करायच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. शियांगडोंग जी यांनी १९९५ मध्ये सुचवलेल्या मांडणीने २०१८ मध्ये हिशेब केला, तेव्हा क्वार्कांच्या वजनाला नऊ टक्के, त्यांच्या धावपळीला बत्तीस, ग्लुऑनना छत्तीस, आणि उरलेले तेवीस टक्के एका पुंजकीय परिणामाला, ज्याला धड कोणाच्या नावावर लावता येत नाही. मी तो तक्ता पाहिला आणि बाबांच्या वहीतला तिसरा रकाना ओळखला.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. आजी शेवटची नऊ वर्षे अंथरुणावर होती. सगळे आत्याने केले. 'नसती तर' हा काटा आजीला लावला तर पारडे उलटे जाते : आजी नसती तर आत्या मोकळी झाली असती, पैसा वाचला असता, माडी लवकर झाली असती. म्हणून काय आजी घरात उणे होती? असे म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि ती धजत नाही याचे कारण मला कुठल्याही शास्त्रात सापडत नाही. वाटा मोजणे ही एक गोष्ट, किंमत ठरवणे ही दुसरी. पण तेवढ्यावरून वाटा मोजूच नये असेही मला वाटत नाही. जो मोजत नाही तो बहुधा माझ्यासारखा दोन रकान्यांचा कागद करतो आणि बेरीज जुळली म्हणून खूश होतो.

मागच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ इंदूरहून आला होता. रात्री गच्चीवर बसलो होतो. मी त्याला सहज विचारले, "आत्या नसती तर रे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजीजवळ आई बसली असती. आईची शिलाई बंद पडली असती. मी इंदूरला शिकायला गेलो नसतो. लूमवर लागलो असतो, काकांच्या."

"आणि मी?"

"तू काय दादा, तू थोरला. तुला शिकवलंच असतं." थोडा थांबून म्हणाला, "पण बाबांना पगारात ते जमलं असतं का, माहीत नाही."

वाटणीचा कागद अजून बाबांच्या ट्रंकेत आहे. म्हणजे आत्याच्याच. बाबांनी पुढे कागदपत्रांसाठी ती वापरली होती.